तुम्ही निवडलेलं आडनाव

दादा,

परवा मुखेडला माझा सत्कार झाला आणि तेव्हापासून मी तुमच्यावर चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता हा राग काढायचा कुणावर, म्हणून नांदेडच्या हॉटेलात बसून लिहिते आहे. मराठी लिहायची सवय सुटली आहे, चुका होतील. माझ्या इंग्रजीतल्या चुका तुम्ही लाल पेनानं काढायचात. मराठीतली एकही काढल्याचं आठवत नाही.

सत्कार मंगल कार्यालयात होता. बॅनरवर माझा फोटो, खाली 'इंग्लंडच्या माजी खासदार, आपल्या मातीची लेक', आणि तुम्ही निवडलेलं आडनाव. अध्यक्ष कोण होते सांगू? ज्यांच्या रानात आजी आणि आत्या रोजानं जायच्या, त्या घरातला आताचा कर्ता माणूस. चांगला बोलला. म्हणाला, तिकडं जातपात नसते, माणसाच्या गुणांना किंमत असते, म्हणून आपली लेक एवढी मोठी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या पार मागं, दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती; तिला पुढं बसवावं असं कुणाला सुचलं नव्हतं. मी उठले, तिला हाताला धरून स्टेजवर आणलं आणि माझ्या खुर्चीवर बसवलं. मग माईकवर सांगितलं, "तिकडंही जात आहे साहेब. माझ्या वडिलांनी ती तिथं मरेपर्यंत लपवली. आणि या माझ्या आत्याला तुमच्या वाड्यावर ओंजळीत पाणी प्यावं लागायचं." शाल मी तिथंच टेबलावर ठेवून आले.

तुम्ही जात का लपवलीत ते मला ठाऊक आहे. मी तेव्हा चौथीत होते. तुम्ही सरकारी दवाखान्यात डॉक्टर, आणि नांदेडला आपली भाड्याची खोली. घरमालकीण माझे लाड करायची, तिच्या गुडघ्यांना तुम्ही फुकट औषध द्यायचात. एक दिवस ती लोणचं घेऊन थेट स्वयंपाकघरात आली आणि आईनं भिंतीला लावलेला निळ्या कोटातला फोटो तिनं पाहिला. दुसऱ्या दिवशी मालक दारात उभा. आत न येताच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, खोली आम्हालाच लागणार हाय." तुम्ही एका शब्दानं भांडला नाहीत. भांडी बांधलीत. त्याच वर्षी गावाच्या नावाला 'कर' जोडून नवं आडनाव केलंत, गॅझेटात छापून आणलंत आणि ते आडनाव घेऊन आपण विमानात बसलो. फोटो बॅगेच्या तळाशी गेला, तो तिकडं भिंतीवर कधी आलाच नाही. निघताना आत्यानं एवढंच विचारलं होतं, आपलं नाव वंगाळ हाय का रे? तुम्ही बुटांच्या नाड्या बांधत राहिलात.

इंग्लंडात आपलं गाव म्हणजे बंद पडलेल्या कापडगिरण्यांचं. तिथल्या मराठी मंडळात तुम्हाला केवढा मान. दिवाळीच्या कार्यक्रमात एका काकूंनी मला विचारलं, गावाकडं कोण असतं गं? मी सांगितलं, आत्या असते, ती लोकांच्या रानात जाते, आमचं घर गावाच्या बाहेरच्या वस्तीत आहे. काकूंचा हात माझ्या केसांवरून फिरत होता, तो थांबला. तुम्ही लांबून पाहिलंत. घरी आल्यावर स्वयंपाकघराचं दार लावून मला समोर उभं केलंत. ओरडला असतात तरी चाललं असतं. "इथं आपल्याला कोणी विचारून नाही राहिलं," तुम्ही म्हणालात, "मंग तूच कशाला सांगत सुटतीस?" मी दहा वर्षांची होते, दादा. नेमकं काय लपवायचं तेही मला कळत नव्हतं. त्या दिवसापासून मी बोलण्याआधी समोरच्याचं आडनाव आठवायला लागले. ही सवय तुम्ही मला लावलीत.

पुढं मी नगरपालिकेत निवडून आले, मग खासदार झाले. प्रचारात तुम्ही स्वतः गाडी चालवायचात, दारोदार पत्रकं टाकायचात. निकाल लागला तेव्हा नगरभवनात सगळ्यांदेखत रडलात. मंडळानं पेढे वाटले. तुम्हाला तेवढंच हवं होतं, आणि मलाही वाटलं की आता झालं.

मी दर शुक्रवारी मतदारांना भेटायची. एकदा एक बाई आली, आपल्या देशातलीच, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची आंघोळपाणी करायची. तिची मुकादमीणही आपल्याकडचीच. हिची जात कळल्यावर त्या बाईनं हिचा कप वेगळा केला आणि स्वयंपाकघरातलं काम काढून घेतलं. तिथं कुणाकडं तक्रार करावी हे हिला कळत नव्हतं, कारण गोऱ्या साहेबाला कप वेगळा म्हणजे काय तेच समजत नव्हतं. सांगताना ती माझ्याकडं पाहत नव्हती. माझ्या आडनावावरून तिनं मला वरच्या घरातली समजलं होतं.

त्याच रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात मी सांगितलं की मी यावर संसदेत बोलणार, आणि मी कोण आहे तेही सांगणार. तुम्ही कणीक मळत होता. आई गेल्यापासून भाकरी-पोळी तुम्हीच करायचात. हात न थांबवता म्हणालात, "त्या बाईचं काम कर. साहेबाला पत्र लिही. पण तू तुझं नको काढू." मी म्हटलं, तिचं आणि माझं वेगळं आहे का? त्यावर तुम्ही म्हणालात, "मी एवढी वर्षं हे झाकलं ते कुणासाठी?" मी जेवले नाही. निघून आले.

मी बोलले. चार-सहा मिनिटं, अर्धं सभागृह रिकामं. खोली, लोणचं, आडनाव, सगळं सांगितलं. बाहेर आले तर फोनवर अनोळखी लोकांचे ढीगभर निरोप होते, तुमचा एकही नव्हता. पुढच्या निवडणुकीत मंडळातलं कुणी फिरकलं नाही. मी पडले. तुम्ही त्यावरही बोलला नाहीत. मी यायची, तुम्ही ताट वाढायचात, बातम्या लावायचात. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यातसुद्धा रोज एकच विचारलंत, जेवलीस का? नंतर मी पुन्हा उभी राहिले, निवडून आले, आणखी कितीतरी वर्षं तिथं बसले. ते पाहायला तुम्ही नव्हता. मी इतकी वर्षं हेच धरून चालले की माझ्या बापाला माझी लाज वाटली आणि तो तसाच गेला. या रागानंच मी इकडं आले नाही.

परवा सत्कारानंतर आत्याच्या घरी गेले. तिनं चहा केला, तुमच्यासारखीच साखर जास्त घालते. मी म्हटलं, दादा असते तर आज माझ्यावर केवढे चिडले असते. ती म्हणाली, "काह्यला चिडंल? तू तिकडं बोलली ना, त्या दिवशी फोन आलता त्याचा. लई रडला. म्हणला, बाई, पोरीनं बोलून दाखवलं गं. मला न्हाई जमलं."

मी कप खाली ठेवला. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, असंच कुणीही म्हणेल. मला तुमचा संताप आला. आत्याला सांगितलंत! हजारो मैलांवर फोन करून सांगितलंत, आणि मी त्याच गावात, तुमच्यासमोर ताट घेऊन बसलेली. एक वाक्य होतं, दादा. घरमालकापुढं गप्प, मंडळापुढं गप्प, ते मी समजून घेतलं. माझ्यापुढं गप्प बसायचं कारण काय होतं? माझी कसली भीती होती म्हणून तुम्ही माझ्यापासूनही झाकलंत?

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. आत्या जन्मभर कुणाचंही मन राखण्यासाठी सहज खोटं बोलत आली आहे. तो फोन खरंच आला होता का, हे मी तिला विचारू शकले असते. काल दिवसभर तिच्याजवळ होते, शेंगा सोलत बसलो होतो, आणि मी विचारलं नाही.