रक्त सुधारण्याचा कार्यक्रम

४ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. धाकट्या बहिणीशी माझं मॅचिंग दहापैकी दहा! सख्ख्या भावंडांतसुद्धा चारात एखाद्याचंच जुळतं म्हणे. थोरलीचं जुळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा पैकीच्या पैकी मार्क.
ल्युकेमिया मला पूर्ण समजला आहे. रक्त हाडांच्या आत, बोन मॅरोत तयार होतं. धाकटीच्या कारखान्यातून कच्च्या पांढऱ्या पेशी भराभर बाहेर पडताहेत, चांगल्या मालाला जागाच नाही. केमोने तो माल जाळायचा आणि माझ्या मूळ पेशी तिच्यात सोडायच्या. अख्ख्या घराण्यात एवढं कोणाला कळलेलं नाही. बायकोलाही समजावलं. ती म्हणाली, छान, मग कधी जायचं? हिला प्रत्येक गोष्टीची घाई.

७ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पेशी कशा काढतात ते सांगू का? म्हटलं, वाचलंय सगळं.
माहितीपत्रकाच्या दुसऱ्याच पानावर सुईचं चित्र आहे. विनाकारण मोठं काढलंय. तिथून पुढचं वाचलं नाही. मणक्यातून काढतात हे शेंबडं पोरही सांगेल.
संमतीचा फॉर्म घरी आणला. बावीस वर्षं लिफ्ट तपासतोय, पण नीट पाहिल्याशिवाय कशावर सही केलेली नाही.

१२ फेब्रुवारी
निर्णय! लिफ्टचा दोर बदलायचा तर चांगलाच घालावा. तेव्हा आधी माझं रक्त सुधारायचं. सहा आठवडे: सकाळी साडेपाचला चालणं, बीट, पालक, चहा बंद.

१३ फेब्रुवारी
गजर वाजला, बंद केला. झोपेनेही रक्त सुधारतं. चहा दोनच कप.

२० फेब्रुवारी
धाकटीला भेटलो. तोंडाला मास्क, हात तीनदा धुवायचे. केस गेलेत. ती दुकानांच्या पाट्या रंगवते. म्हणाली, दादा, डोकं बघ, प्रायमर मारून ठेवलंय. मीही हसलो.
जिन्यात उभा राहून रडलो. लिफ्टने गेलो नाही, तिचा ब्रेक मला पसंत नाही.

५ मार्च
रेमिशन!! वाईट पेशी कुठे दिसतच नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं नव्हे. दबा धरून असतात. हीच वेळ आहे, १८ तारीख धरू. मी म्हटलं, सुरळीत चाललेली लिफ्ट उगाच कशाला उघडायची? बाई चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. पटलं असावं.

१४ मार्च, सकाळी ९
आजपासून इंजेक्शनं होती, त्याने पेशी वाढतात म्हणे. सर्दी झाली. कळवलं. आजारी माणसाचं रक्त देणं म्हणजे विश्वासघात.
दुपारी ४. सर्दी गेली. तारीखही गेली.
बायकोने विचारलं, खरं सांगा, भीती वाटते का? मी ताट सारून उठलो. भूक होती म्हणून परत बसलो.

१६ मार्च
डॉक्टरीणबाईंनी एकट्याला बोलावलं. म्हणाल्या, मनात नसेल तर सांगा, कोणाला कळणार नाही, आम्ही बाहेरचा दाता शोधू. मी ताडकन म्हटलं, मी काय मेलोय का? मीच देणार! बोलताना आवाज फार चांगला लागला.
पुढची तारीख ९ एप्रिल.

५ एप्रिल
इंजेक्शनांना जाऊ शकलो नाही. नव्या इमारतीच्या चार लिफ्ट माझ्याशिवाय कोण तपासणार? (दुसरे दोघं आहेत. पण माझ्याइतकं बारकाईने बघत नाहीत.)
संध्याकाळी धाकटीचे यजमान आले. चहा घेतला नाही. एवढंच म्हणाले, दादा, तुम्ही आलात तर बरं होईल. मी त्यांना ल्युकेमिया पहिल्यापासून समजावून सांगितला.

२७ एप्रिल
सही केली! हॉस्पिटलच्या लिफ्टनेसुद्धा गेलो.
डॉक्टरीणबाईंनी फॉर्म घेतला आणि पालथा ठेवला. रोग उलटलाय, परवाच्या तपासणीत दिसला. आता पुन्हा केमो. दबला, तरच ट्रान्सप्लांट. मी म्हटलं, मी पूर्ण तयार आहे. त्या म्हणाल्या, हो.
नुसतं हो.

२८ एप्रिल
पहाटे साडेपाचला उठून चाललो. चहा खरंच बंद. बीट.

१९ मे
दबला नाही. आता केमो नाही. ट्रान्सप्लांटही नाही. मी तीनदा विचारलं. डॉक्टरीणबाईंनी तीनदा तेच सांगितलं, न रागावता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ मे, दुपार
धाकटीच्या नाकातून रक्त थांबेना. प्लेटलेट्स हव्या होत्या. रक्तपेढीत गेलो, म्हटलं, माझ्या घ्या.
यंत्राशेजारच्या खुर्चीत दीड तास. एका हातातून रक्त बाहेर, दुसऱ्या हातातून परत आत. सुई टोचली, मुंगी चावल्याएवढी. टेक्निशियनला विचारलं, आणि त्या मूळ पेशी कशा काढतात? तो म्हणाला, अहो अशाच. हेच यंत्र. आधी चार-पाच दिवस इंजेक्शनं, अंग जरा ठणकतं, मग चार-पाच तास बसायचं. लोक सिनेमा बघतात. मी विचारलं, मणका? म्हणाला, मणक्याला कोण हात लावतंय?
मी भित्रा आहे. आधी लिहायला हवं होतं.
वर गेलो. धाकटी जागी होती. माझ्या कोपरावरची पट्टी बघून म्हणाली, दादा, खूप दुखलं का रे?
हो म्हटलं. खूप.
तिने माझा हात जवळ ओढला आणि पट्टीवर फुंकर घातली.