डबा: सात ते साडेसात

५ फेब्रुवारी २००६, रविवार
सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझा ठराव पास! गिरगाव सोडून मिरा रोडला आलो ते मोकळ्या हवेसाठी, आणि जिन्यात दिवसरात्र कचऱ्याचे डबे. यापुढे डबा घरात, झाकण लावून. बाहेर फक्त सकाळी सात ते साडेसात, इंदुबाई कचरा न्यायला येते तेव्हा. समोरच्या हिनाबेन म्हणाल्या, "गुणवंतभाई, नियम अच्छा है, लेकिन आप उठोगे?" नुसता हसलो. मनोरमा सकाळच्या शाळेत शिकवायला सहालाच निघते, त्यामुळे आमचा डबा मीच ठेवणार, असं जाहीर केलं. टाळ्यांची अपेक्षा होती. चहा आला.

६ फेब्रुवारी, सोमवार
उठलो पावणेनऊला. घड्याळाचा सेल जुना. पहिला दिवस ट्रायल धरायचा.

७ फेब्रुवारी, मंगळवार
नवा सेल. गजर वाजला असावा, कारण तो बंद केलेला सापडला. डब्यात रविवारच्या कोलंबीची सालं. उदबत्ती लावली. दोन्ही वास मिसळून भलतंच काहीतरी झालं.

८ फेब्रुवारी, बुधवार
पुन्हा तेच. मनोरमाने नाकाला पदर लावून स्वयंपाक केला. एक शब्द बोलली नाही. म्हणजे विश्वास आहे.

९ फेब्रुवारी, गुरुवार
उठलो साडेआठला. डबा रिकामा! धुऊन पालथा घातलेला! आठवत नाही, पण मीच ठेवला असणार. शिस्त अंगात मुरली की झोपेतही काम होतं.

१० फेब्रुवारी, शुक्रवार
आजही रिकामा. गजर लावणं बंद. गरज काय?

१२ फेब्रुवारी, रविवार
मीटिंग. चेअरमन जयकुमार म्हणाले, जिना एकदम साफ. मी उभा राहून पहाटे उठण्याच्या फायद्यांवर चार शब्द बोललो. मध्येच हिनाबेन हळूच म्हणाल्या, "भाई, आपका डब्बा तो मैं रखती हूँ. मनोरमाबेनने चाबी दी है." वर हेही, की मी हॉलमध्ये दिवाणावर तोंड उघडं टाकून झोपलेला असतो, म्हणून त्या चपला काढून आत येतात. सगळी मीटिंग हसली. अर्ध्यातून उठून घरी आलो.

मनोरमाला जाब विचारला. म्हणाली, "तुम्हाला उठवण्यापेक्षा शेजारणीला चावी देणं सोपं." समोर जाऊन चावी परत आणली. आता दाखवतोच.

१३ फेब्रुवारी, सोमवार
उठलो! सातच्या आधी! दाढीसुद्धा केली. सातला डबा दाराबाहेर, शेजारी मी. सगळ्यांना दिसावं म्हणून दार सताड उघडं. कुणाचंच दार उघडेना. जिन्यात दुसरा एकही डबा नाही. लोक आळशी झालेत.

आठला जयकुमार दूध घेऊन वर आले. माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. म्हणाले, इंदुबाई भाचीच्या लग्नाला घोडबंदरला गेलीय, आता गुरुवारी येणार. काल मीटिंगमध्ये सांगितलं होतं, तुम्ही गेल्यावर.

दोन पायऱ्या चढून वळले. म्हणाले, "और गुणवंतभाई, डब्बा अंदर ले लो. साढ़े सात बज गए."