गाडीचं नवं कार्पेट

ओडालिसताई,

बाबांच्या गाडीतलं कुजकं कार्पेट आज उपसलं. नवं आणलंय, पण घालू कशावर? खाली पत्राच उरलेला नाही. मागच्या सीटवरून थेट रस्ता दिसतो. डबकं आलं की बाबा “पाय वर!” म्हणून ओरडायचे आणि आपण खिदळायचो, आठवतं? तो खेळ नव्हता गं.

वेल्डिंगवाल्याकडे जातोय, पण अख्ख्या मातान्सास शहरात तीन दिवस वीज नाही. आणि रविवारी तुझ्या मारिएलाची पंधराव्या वाढदिवसाची मिरवणूक याच गाडीतून! तिला इतक्यात काही बोलू नकोस. काळ्या घेवड्याची आमटी शेगडीवर आहे, घरी आलीस की जेवून घे.

बाबांना विचारलं, आता काय करू? अंथरुणातूनच म्हणाले, “पोरीला सांग, डबकं आलं की झगा सावरायचा आणि पाय वर घ्यायचे.”

— रेनिएर