धोंडीबा आप्पांच्या बंगल्याचं रेंडरिंग

३ नोव्हेंबर
आजपासून नवा रणजीत. आमचे चुलते धोंडीबा आप्पा मोशीच्या प्लॉटवर बंगला बांधणार आणि डिझाइन माझं! चाकणच्या कंपनीत आठ वर्षं नट-बोल्टची थ्रीडी मॉडेल काढतोय. बंगला म्हणजे तरी काय, मोठा नटच. १६ तारखेला, रविवारी, आप्पांना दाखवायचंय. त्यांना पसंत पडला की नोकरीला रामराम. मॉडेल तयार आहे. रेंडरिंग तेवढं राहिलंय, म्हणजे त्याचं खऱ्या फोटोसारखं चित्र काढायचं. दोन दिवसांचं काम.

५ नोव्हेंबर
घाई करणारे फसतात. आधी सॉफ्टवेअरची तुलना. यूट्यूबवर बरेच व्हिडिओ पाहिले. आता मी जवळपास एक्स्पर्ट.

७ नोव्हेंबर
फुकटवालं सॉफ्टवेअर टाकलं. नुसती बटणंच बटणं. बंगला काळाकुट्ट आला. बायकोने, तनुजाने विचारलं, लाईट गेलीय का? तिला कलेतलं काय कळतंय.
(सूर्य आपण लावायचा असतो म्हणे.)

१० नोव्हेंबर
ट्रायलवालं झकास! फक्त बंगल्यावर आडवं सॉफ्टवेअरचं नाव येतं. आप्पांना वाटायचं, वाढदिवसाचा फ्लेक्स लावलाय. बाद.

१२ नोव्हेंबर, शिफ्टनंतर
महागवालं कंपनीतल्या गणराजच्या लॅपटॉपवर चालवलं. लॅपटॉप तापला, घरघरला, गेला. गणराज माझ्याशी बोलत नाहीये. लोक उगाच मनाला लावून घेतात.

१४ नोव्हेंबर
तुलनेचा तक्ता पूर्ण. रंगीत! तनुजा म्हणते, चित्र कुठाय? म्हटलं, आधी पाया पक्का हवा.

१५ नोव्हेंबर
शेवटी फुकटवालंच. सूर्य सापडला! बंगला उजळला, पण आजूबाजूला सगळं ओसाड. म्हणून सॉफ्टवेअरमध्येच मिळणारा एक तयार बंगला मागे ठेवून दिला. शेजार म्हणून. आता माझा बंगला कसा उठून दिसतोय! सोमवारी राजीनामा.

१६ नोव्हेंबर, रविवार
आप्पांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं. चतुराकाकींना दाखवलं. दोघांनी माना डोलावल्या. माझी छाती भरून आली. तनुजाकडे बघितलंसुद्धा मी, एकदा.
मग आप्पा म्हणाले, "मागचा बंगला लई झाक हाय, रणजीत. त्योच बांधू. म्होरची वॉचमनची खोली तेवढी काढून टाक."

१६ नोव्हेंबर, दुपार
काढली.
खोटं कशाला लिहू, चित्र मोकळं वाटतंय.