चौदा कॅरेटचा डाग

बाबा, गेल्या आठवड्यात खामगावच्या एका सराफी दुकानात तुम्ही केलेला गोफ यंत्रात ठेवला आणि तो चौदा कॅरेटचा निघाला, म्हणून लिहिते आहे. माझी सून शेजारी उभी होती. बाई मनाची वाईट नाही, पण तोंडाला आवर नाही. "आई, म्हणजे आजोबांनी पोटच्या पोरीलाच फसवलं की हो!" असं ती भर दुकानात म्हणाली. तिला मी तिथल्या तिथे गप्प केलं. नात मात्र नुसती गोफाकडे बघत राहिली. ती नोकरीसाठी बंगलोरला चालली आहे. गोफाचा फासा, म्हणजे अडकवायची कडी, झिजला होता, तिला देण्याआधी तो नीट करून घ्यावा म्हणून आम्ही गेलो होतो. फासा राहिला बाजूला. सुनेने ठरवूनच टाकलं की हा मोडीत घालायचा आणि पोरीला चांगलं बावीसचं काहीतरी घ्यायचं. मी गोफ उचलला, रुमालात गुंडाळला आणि घरी आणला.

घरी आल्यावर नातीला समोर बसवून सगळं सांगितलं. चीनच्या लढाईनंतर सरकारचा हुकूम आला की चौदा कॅरेटच्या वरचा नवा दागिना कोणी घडवायचा नाही. म्हणजे चोवीस वाट्यांत चौदा वाटे सोनं, उरलेले दहा तांब्याचे आणि चांदीचे. आपल्या सोनाळ्यासारख्या खेड्यात असलं सोनं कोण घेणार? लोक त्याला सरकारी सोनं म्हणायचे आणि नाक मुरडायचे. बाजाराच्या दिवशी तुमच्या शेगडीसमोर माणसं दाटीने बसायची, तिथे आता रस्त्यावरचं कुत्रं येऊन सावलीत झोपायचं. शेजारचे कापडवाले चाचा तुमचे लहानपणापासूनचे दोस्त. ते ओट्यावरून ओरडायचे, "काय बे, तू सोनार हायेस का तांबट?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "दोन्ही हावो चाचा. चौदा वाटे सोनार, दहा वाटे तांबट." चाचा मांडीवर थाप मारून हसायचे आणि मग स्वतःच चहा मागवायचे. मी दाराआडून ऐकत असे. मला ते हसू आवडत नसे, कारण चहा आल्यावर तुम्ही त्यातला निम्मा परत बशीत ओतून चाचांपुढे सरकवायचात आणि रिकामी शेगडी उकरत बसायचात.

दुसरे सोनार मागच्या दाराने बावीसचं करत होते, हे गावाला ठाऊक होतं. तुम्ही केलं नाही. नातीला मी तुम्हाला फार मोठं करून सांगितलं नाही. तुम्ही धाडसी नव्हतात. पोलीस पाटील नुसते रस्त्याने गेले तरी तुमच्या हातातला चिमटा थांबायचा. पण चौदाचं आहे ते चौदाचं म्हणूनच विकायचं, एवढं तुम्ही सोडलं नाही, आणि ते विकत घ्यायला कोणी आलं नाही. मग तुम्ही बायकांचे जुने डागदागिने उजळून देऊ लागलात. रिठ्याच्या कोमट पाण्यात चांदीचे वाळे, तोडे भिजत घालायचे, मऊ ब्रशने उलट्या बाजूने आधी घासायचे, कारण मळ अंगाच्या बाजूला धरतो. कोरडं होईपर्यंत पुसायचं, मलमलीत गुंडाळायचं, सोनं आणि चांदी एका पुडीत ठेवायचं नाही. "चांदी हवेनंबी काळी पडते, तिच्यावर रागावू नोका," असं तुम्ही गिऱ्हाईक बायकांना सांगायचात. पुढे मी रसायनशास्त्राच्या वर्गात शिकवलं ते याहून फार वेगळं नव्हतं, फक्त त्यात गंधकाचं नाव होतं.

मग मला अमरावतीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि तुमच्या मनात आलं की पोर रिकाम्या गळ्याने जायची नाही. त्या दिवशी आई चुलीपुढे भाकरी थापते आहे. तुम्ही उंबऱ्यात उभे राहून तिच्या गळ्यातल्या एकदाणीतले चार सोन्याचे मणी मागता. ती हात न थांबवता विचारते, "कायले?"

"पोरीले गोफ करतो."

"मायं बावीसचं सोनं तुमी तांब्यात बिघडवान? हाय तसेच मनी देऊन टाका ना तिले!"

"थे तुये मनी हायेत. तिले तिचं पाह्यजे. आन् नवं करीन थे कायद्याचंच करीन."

आईने तव्यावरची भाकरी जळू दिली. तिच्या हातून भाकरी जळलेली मी दुसऱ्यांदा पाहिली नाही. पण सकाळी मणी तुमच्या पाटावर होते.

गोफाला तार बारीक लागते आणि चौदाची तार कडक. भोकांच्या पट्टीतून ओढताना ती तुटायची. तुम्ही पुन्हा तापवायचात, पुन्हा ओढायचात, पुन्हा तुटायची. बावीसचं सोनं बोटांचं ऐकतं, हे ऐकत नव्हतं. पुढे तुम्ही शिव्या देणंही सोडलंत. तुटला तुकडा बाजूला ठेवायचा आणि शेगडी फुंकायची, एवढंच.

शेगावच्या स्टेशनवर गाडी दिसू लागल्यावर तुम्ही खिशातून पुडी काढली. माझ्या हातात न देता स्वतःच गोफ माझ्या गळ्यात घातलात आणि लगेच रुळांकडे बघू लागलात. "डाग तं देल्ला माय तुले, पन ह्या डागाचा डाग पडते. घामानं मान काळी व्हईन. लाजू नोको. आन् कॉलेजात पारा राह्यते म्हन्तेत, त्याच्याजवळ जातानी काढून ठेवजो. पारा सोन्याले खाते." बस, एवढंच. आशीर्वाद वगैरे तुम्ही दिला नाही, गाडी तेवढी थांबत नसे.

डाग खरंच पडला. वसतिगृहात माझ्या खोलीत पुण्याची एक मुलगी होती. तिने विचारलं, मानेवर काय झालं? मी म्हणाले, माझ्याकडे एकच डाग आहे, त्याचा आहे. तिला वाटलं, मला कातडीचा काही रोग आहे. तिने कनवाळूपणाने मलमाची डबी आणून दिली. डाग म्हणजे दागिना, हे तिला समजावता समजावता दोघी हसून बेजार झालो. पण मनातून मला राग आला होता. दिवाळीला येण्याआधी मी गोफ दंतमंजनाने खसखसून घासला. तुम्ही तो हातात घेतलात, उजेडाकडे धरलात आणि मला चाचांसमोर झापलंत, "अवं मान धू ना बाई, सोनं काऊन खरडतं? डाग मानेले हाय, डागाले नाही!" चाचा म्हणाले, "शिकून राह्यली ना पोरगी, शिकू दे बे."

काही वर्षांनी हुकूम सैल झाला. तुम्ही दोनदा म्हणालात, "आन थो गोफ, बावीसचा करून देतो." मी दोन्ही वेळा नाही म्हणाले, आणि माझ्या पद्धतीने म्हणाले, म्हणजे दोन शब्दांत. तुम्हाला वाटलं, पोरगी बापाचं मन राखते आहे. शेवटपर्यंत तुम्ही त्याला गोफ म्हणाला नाहीत, "थे पोरीची तार" म्हणत राहिलात. बाबा, मी कोणाचं मन राखत नाही, हे तुम्हाला तरी माहीत असायला हवं होतं. मला तो आवडत होता. मी तो वर्गात घालून मिश्रधातू शिकवले, फळ्यावर चौदा आणि दहा लिहिले, कपडे धुतले, पोरं वाढवली. फक्त पाऱ्याची बाटली उघडताना काढून पदरात बांधला.

हे सगळं ऐकून नात दुसऱ्या दिवशी मला पुन्हा त्याच दुकानात घेऊन गेली. सूनही आली. काउंटरवरच्या मुलीने भिंग लावून गोफ नीट पाहिला आणि विचारलं, "आजी, हा रोज घालत होता? इतकी वर्षं?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "फासाच तेवढा गेलाय. बावीसचा इतका बारीक गोफ असता तर कधीच झिजून तुटला असता. आणि आता रोजच्या वापराला पोरी चौदाचंच मागतात." मग तिने हळूच विचारलं, "कोणी केलाय? असा हात आता मिळत नाही." नात मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "माझ्या पणजोबांनी. फासाही चौदाचाच लावा." सून गोफ हातावर घेऊन बराच वेळ बघत होती. घरी येताना तिने रिठे कुठे मिळतात ते विचारलं.

हे तुम्हाला त्या स्टेशनवर ऐकायला मिळालं असतं तर तुम्ही रुळांकडे बघितलं नसतं. आता पत्ता नाही. हे पत्र कपाटात मलमलीच्या घडीखाली राहील.

आज सकाळी नातीला दिलं: गोफ एक, मऊ ब्रश एक, मलमलीचा तुकडा, मूठभर रिठे, आणि डाग पडला तर मान धुवायची अशी ताकीद. माझ्याकडे राहिलं: मानेवरचा काळा पट्टा. आज अंघोळीला मी तो घासला नाही.