नामंजूर झालेल्या रजा

चुंचाळे, नाशिक

प्रिय शुभांगी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवशील, अशी भीती वाटते. फोन तर तू उचलतच नाहीस. उचलू नयेस, असंच मी बोलले होते. कंपनीच्या गेटसमोर, सगळ्या बायकांदेखत, "तू आम्हाला विकलंस" म्हणाले. तू पर्स छातीशी धरून रिक्षात बसलीस, आणि आठवड्याने कळलं की मनमाडला भावाकडे गेलीस.

गेटवरच्या त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी, तू सही केलेला तोच कागद माझ्यापुढे आला. वायरिंगची लाइन बंद, नोकरी संपली, माझं कंपनीकडे काहीही येणं उरलेलं नाही, खाली सही. मी विचारलं, शिल्लक रजांचं काय? साहेब हसले. "चंद्रभागाताई, तीस दिवसांचे पैसे दिलेत की. त्यावरच्या रजा तुम्ही घेतल्या नाहीत, त्या बुडाल्या." अठरा वर्षं त्या माणसाला मान खाली घालून 'हो सर' म्हटलं गं. त्या दिवशी मात्र तोंडातून निघून गेलं, "घेतल्या नाहीत म्हणू नका साहेब. मागितल्या होत्या. तुम्ही दिल्या नाहीत." आणि सही न करता उठले.

घरी हे दोन दिवस माझ्यावर चिडचिड करत राहिले. एकलहऱ्याला ठेकेदाराकडे यांचं काम, त्याचीही शाश्वती नाही, आणि मी हातातलं सोडून आलेली. शेवटी निकिताच म्हणाली, "आई, तू सगळ्यांचे अर्ज लिहायचीस ना? ते कुठेत?" आठवतं तुला? डबा खाता खाता मी तुम्हा सगळ्यांचे रजेचे अर्ज लिहायचे, खाली कार्बन घालून. एक प्रत ऑफिसात, दुसरी शेरा मारून परत. नामंजूर झालेलं घरी न्यायचं कशाला, म्हणून तुम्ही ती माझ्याकडेच टाकायच्यात. पलंगाखालच्या पेटीत सगळा गठ्ठा निघाला. माझी बाळंतपणानंतरची रजा, नामंजूर. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, नामंजूर. भीमजयंतीला गावी जायचं होतं, तेही नामंजूर.

तो गठ्ठा घेऊन कामगार कार्यालयात गेले. तिथल्या मॅडमनी एकेक कागद वाचला आणि म्हणाल्या, "मागून नाकारलेली रजा बुडत नाही. हे सांगितलं नव्हतं का कोणी?" मला रडू आलं नाही, राग आला. सुनावणीला कंपनीचा वकील म्हणाला, बाई कामावर खूश होत्या, रजेची गरजच नव्हती. मी उभी राहिले आणि अर्ज मोठ्याने वाचायला लागले, तारखेसकट. सातव्या अर्जाला साहेबांनी मान खाली घातली. मी थांबले नाही. शेवटचा वाचूनच बसले. परवा कंपनीने लिहून दिलं, माझे सत्त्याऐंशी दिवस मान्य. यांनी तो कागद स्वतः वाचला, आणि शेजारच्या केरूभाऊंनाही नेऊन दाखवला.

पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. गठ्ठ्यात तुझे अर्ज होते, शुभे. अकरा. सगळे माझ्याच हातचे. त्यातला एक: 'आई अत्यवस्थ, चार दिवस रजा मिळावी.' त्यावर लाल शाईत, 'ऑर्डर पूर्ण होईपर्यंत नाही.' तू पोचलीस तेव्हा सगळं उरकलं होतं. हे माहीत असून मी गेटसमोर तुला तसं बोलले. मुलीची फी डोक्यावर घेऊन तू सही केलीस, हेही माहीत होतं. मला क्षमा करावीशी तुला वाटली तर कर, नाही तर नको, पण ते चार दिवस त्यांना सोडू नकोस. मॅडमना मी तुझ्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, सही झाली म्हणजे सगळं संपलं असं नाही, त्यांना येऊ तर द्या. म्हणून गुरुवारी सकाळच्या गाडीने ये. मी स्टेशनवर असेन, तिथून मॅडमकडे तुझा अर्ज द्यायला जाऊ. सुनावणीत तुला एकटीला बोलायला जमलं नाही, तर तुझे अकराही अर्ज मी वाचेन, आणि तो चार दिवसांचा अर्ज त्या साहेबांच्या तोंडून वाचवून घेईन.

वाट बघणारी, तुझीच,
चंद्रभागा