शब्दमित्राचं आडनाव

४ जाने. ९८, रवि. दौंड.
पार्सल ऑफिसला निघण्याआधी शिरूरच्या आप्पांच्या साप्ताहिकासाठीचं कोडं रचून संपवलं. उभे-आडवे सगळे बसले, डाव्या कोपऱ्यात दोन घरं उरली. अ आणि ज. पुन्हा अज! हा शब्द नसता तर माझं एकही कोडं पुरं झालं नसतं. आणि कोड्याबाहेर तो कुणाच्या तोंडी नाही. शिरूरच्या बाजारात 'अज केवढ्याला दिला?' विचारलं तर लोक वेड्यात काढतील. मी अर्थांची पाळी लावलीय. एकदा रामाचे आजोबा, एकदा ब्रह्मदेव, एकदा ज्याला जन्म नाही तो. या खेपेला बोकड. दिवाळीतही बोकडच होता. तेव्हा शिरूरच्या एका निवृत्त गुरुजींचं कार्ड आलं होतं, 'शब्दमित्र, अर्थ अचूक. आपली संस्कृतची बैठक घरातलीच दिसते.' घरातली! आमचे वडील गँगमन. शब्दमित्र हे टोपणनाव घेतल्यापासून अशी करमणूक फुकट होते.

११ जाने., रवि.
वर्धापनदिनाचा अंक. संपादक आप्पांनी न विचारता 'शब्दमित्र' काढून माझं पूर्ण नाव छापलंय, आडनावासकट. वर फोटो. शालन अंक घेऊन विहारात गेली, दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीने पाहिला. फोटोत कान मोठे आलेत. पण खोटं कशाला लिहू, छाती फुगली. दोन वर्षं कोडी रचतोय, पहिल्यांदा बायको म्हणाली, 'दिसतंय की चांगलं नाव.'

१५ जाने., गुरु.
ऑफिसात आप्पांचा फोन. 'पत्र आलंया. देवाच्या नावाला बोकड म्हणून अपमान केला म्हणत्यात. खाली सह्या हायेत.'
कुणाचं पत्र?
आप्पांनी आधी सह्यांचा आकडा सांगितला. मग म्हणाले, 'गुरुजींचं.'
तेच गुरुजी. तोच शब्द, तोच अर्थ. दिवाळीपासून बदललं काय? खालचं नाव. डबा तसाच परत आणला.

१८ जाने., रवि.
शिरूर. एस.टी.त न्हावऱ्यापर्यंत उभा. आप्पांनी चहा मागवला. माणूस वाईट नाही, म्हणून तर जास्त लागतं.
मी म्हणालो, शब्दकोश दाखवा त्यांना.
'दावला की. म्हणाले, शब्दकोशात असंल, पण ते आमाला यांनी शिकवायचं का?'
मग खाली बघत, 'तुम्ही आपलं पयल्यासारखं शब्दमित्र लावा. कोडं तुमचंच. कुणाची तक्रार न्हाई. मलाबी अंक चालवायचाय.'
म्हणजे अक्कल चालते, आडनाव चालत नाही. नाव छापणार असाल तर कोडं देतो, नाहीतर नको, असं सांगून उठलो. आवाज चढला. चढायलाच हवा होता.

२१ जाने., बुध.
शालन म्हणते, 'कोडं करायला बसलं की तुमच्या कपाळावरच्या आठ्या जात्यात. कशाला सोडताय? कुणी केलं ते मला ठाव हाय न्हवं?'
तिचं चूक नाही. चिडलो मात्र तिच्यावरच. गुरुजी शिरूरला, आप्पा शिरूरला, ती समोर. नवीन कोडं आखून तयार आहे. पाठवलं नाही. आप्पांचा फोन येईल असं वाटत होतं...

२५ जाने., रवि.
फोन नाही. अंक आला. त्यात कोडं आहे! खाली 'शब्दमित्र'. माझं नाही. कुणाकडून तरी करून घेतलंय. टोपणनावही गेलं. काळी घरं भारंभार, निम्मे शब्द नटनट्यांची नावं. तरी सगळं सोडवून बघितलं, लाज वाटली स्वतःची.
संध्याकाळी स्टेशनवर चहावाले मामा. वर्धापनदिनाचा फोटो पाहिल्यापासून माझ्या कोड्याचं त्यांना फार कौतुक. आज अंक हलवतच पुढे आले. 'सायेब, आजचं लई झ्याक जमलंय बगा! कवा न्हवं ते सगळं सुटलं. पयली तुमची लई अवघड असायची.'
'ते माझं नाही मामा,' एवढंच म्हणायचं होतं. लोक ऐकत होते. कारण विचारलं असतं, आणि कारण मला तिथं, उभ्याने, चहाचा कप हातात धरून सांगायचं नव्हतं.
'आवडलं ना?' म्हणालो.
मामांनी पैसे घेतले नाहीत. पुढच्या रविवारीही ते असेच पुढे येतील.